तिसऱ्या दिवशी येणारे पाहुणे

सुलभा,

तुझ्या तेराव्याला मी आले होते. तुझ्या पडवीत पंगतीला बसले, पानातलं सगळं संपवलं, अनंत भावोजींना नमस्कार केला आणि तुझ्यावरचा राग जसा नेला होता तसाच परत घेऊन आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलायला तिथं तुझं अख्खं गाव होतं. मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय.

बजाजनगरात आपली घरं भिंतीला भिंत लावून होती. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. तू गुहागरकडून नवी नवरी म्हणून आलीस तेव्हा नळाला दोन दिवसाआड पाणी यायचं. समुद्राकाठची पोर तू, रिकाम्या घागरीजवळ बसून रडत होतीस. मी म्हटलं होतं, "रडू नको बाई, आमच्याकडं डोळ्यातलं पाणी पण पुरवून वापरावं लागतं." तू रडता रडता हसलीस. आपली ओळख ही अशी झाली. पुढं मी तुला बाजरीची भाकरी थापायला शिकवली आणि तू मला नारळ फोडायला. तुझ्या तोंडचं 'गो' काही गेलं नाही आणि माझं 'लई' काही सुटलं नाही.

महेश सात महिन्यांचा असताना मी पुन्हा शाळेवर रुजू झाले. सकाळी त्याला तुझ्या मांडीवर ठेवून जायचे आणि संध्याकाळी पाचला उचलून आणायचे. तो चालायला लागला ते तुझ्या घरात. तू मला आठ दिवस सांगितलं नाहीस. मग एका रविवारी तो माझ्यासमोर दोन पावलं टाकत आला, तर तू टाळ्या वाजवून म्हणालीस, "बघ गो कमल, चालला तुझा लेक!" पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. मला खरं काय ते कळलं कितीतरी वर्षांनी, भावोजींच्या तोंडून. तेव्हा मी तुला मिठी मारली होती. इतकं मन राखणारी शेजारीण मला कुठं मिळणार होती? पण तुला खोटं किती सहज जमतं, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

तुला मूल झालं नाही. तीस वर्षांत त्यावर आपण दोनदाच बोललो. दोन्ही वेळा विषय तूच काढलास आणि तूच मिटवलास.

महेशनं रेवतीचं नाव घरात काढलं तेव्हा तुम्ही सगळं आवरून गावी राहायला गेला होतात. रेवती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, घटस्फोट झालेली, पदरात दोन वर्षांची मुलगी. हे गप्प बसले. मी बसले नाही. करमाडला आमची भावकी, माझ्या शाळेतल्या बायका, कोण काय म्हणेल ते सगळं मी त्याला ऐकवलं आणि शेवटी म्हटलं, "दुसऱ्याचं लेकरू माझ्या घरात नको." त्यानं वाद घातला नाही. बॅग भरली, यांच्या पाया पडला आणि पुण्याला गेला. महिन्याभरानं कचेरीत लग्न केल्याचं कळवलं. त्यानंतर चार वर्षं मी त्याचं नाव काढलं नाही. त्याची खोली झाडायचे, चादर बदलायचे, पण नाव काढलं नाही. तुझा फोन यायचा दर आठवड्याला. आपण आंब्याचं बोलायचो, गुडघ्यांचं बोलायचो. त्याचा विषय तू पण कधी काढला नाहीस. मला वाटायचं, माझी जखम जपतेस.

मग यंदाच्या जानेवारीत तू हट्टच धरलास. "एवढी वर्षं झाली, कमल, समुद्र बघायला ये गो. वैशालीला आण, जावयांना आण, नातीला आण." लेक तयार, जावई गाडी काढायला तयार. आमचे हे तर दोन दिवस आधीच बॅग भरून बसले. मला तेव्हाच नवल वाटलं होतं, कारण या माणसाला हर्सूलच्या तलावावर न्यायचं म्हटलं तरी हा कारणं सांगतो. मी करमाडच्या शेतातला हुरडा घेतला, धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली. तुझ्या दारात उतरलो तेव्हा तू पायरीवरच हुरड्याची पिशवी उघडून मूठभर तोंडात टाकलास. म्हणालीस, "तुझ्या गावाचा वास आला गो."

सुलभा, ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे मी आज रागात असतानाही सांगते. सकाळी उठून चहा घेऊन तुझ्या मागच्या दारानं थेट वाळूत जायचं. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाट आली की लहान पोरासारखे मागं पळायचे. मी आधी लांबच बसले होते. तू हाताला धरून ओढलंस आणि मला पातळासकट पाण्यात बसवलंस. साठीच्या दोन बायका, पदर खोचून, वाळूत बसून हसतायत. माझी नात तर लाजून लांब जाऊन उभी राहिली. दुपारी तू मासे करायचीस. आम्हाला मटण खायची सवय, काट्यांची भीती. तू माझ्या शेजारी बसून माझ्या पानातल्या माशाचे काटे आपल्या बोटांनी काढून द्यायचीस. माझ्या आईनंतर असं मला कुणी भरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना भावोजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "महेशची काय खबर?"

पंगत गप्प झाली. मला वाटलं, अवघड विषय म्हणून गप्प झाली. मी म्हटलं, "भावोजी, ते नाव नको. माझ्यापुरता तो मेला. उद्या तो या दारातून आत आला, तर मी मागच्या दारानं बाहेर पडंन."

तुझी बोटं माझ्या पानात होती. तू काटे काढत राहिलीस. जेवण झाल्यावर ताक दिलंस, आम्हाला पडवीत आडवं व्हायला सांगितलंस आणि नारळ बघून येते म्हणून वाडीत गेलीस. मी झोपले, छान झोपले. तिसऱ्या दिवशी आपण होड्या लागतात तिथं गेलो, चौथ्या दिवशी देवळात. हे थोडे गप्प गप्प होते. मला वाटलं, उन्हाचा त्रास.

शेवटच्या दिवशी सकाळी मी एकटीच वाळूत फिरत होते. तुझ्याकडं अंगण सारवायला येते ती बाई समोरून आली. माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही महेशदादाच्या आई ना? नाकडोळे तेच. या वेळी सई नाही का आली? मागं आली होती तेव्हा माझ्या कोंबड्यांमागं धावून धावून दमली."

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सई कोण, हे विचारायची गरजच नव्हती. मी घरी आले. तू मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं, "महेश इथं येतो?"

तू सूप खाली ठेवलंस. "येतो."

"कधीपास्नं?"

"लग्न झालं तेव्हापासून. वर्षातून तीन-चार वेळा."

"आन् मला सांगितलं नाय."

तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "चार वर्षं मी दर आठवड्याला फोन करत्ये, कमल. एकदा तरी तू त्याचं नाव काढशील म्हणून वाट बघत्ये. तू विचारलं असतंस, तर त्याच क्षणी सांगितलं असतं."

हे तुझं उत्तर मी अजून घोळवते. त्यात चूक काय ते मला सापडत नाही आणि ते पटतही नाही. मी ज्या गादीवर पाच दिवस निवांत झोपले, त्यावर माझा लेक महिनाभरापूर्वी झोपून गेला होता. त्याला कसली भाजी आवडायला लागलीय, त्याचे केस पिकायला लागलेत का, हे तुला ठाऊक होतं. तू समोर बसून मला आंब्याच्या मोहोराचं सांगत होतीस.

मी बॅग भरली. तू डबा करून दिलास, मी तो घेतला. तुझ्याकडं न बघता गाडीत बसले. ते तुला बघायचं शेवटचं, हे मला माहीत नव्हतं.

घाट चढून वर आल्यावर मी यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" हे खिडकीबाहेर बघत राहिले. वैशालीनं पुढच्या सीटवरनं मागं वळून बघितलं नाही, त्यातच मला कळलं. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मग हे हळूच म्हणाले, "तिसऱ्या दिवशी तो येणार होता. बायकोला, पोरीला घेऊन. सुलभावहिनींनी सगळं जमवलं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" पुढं म्हणाले, "पण त्यानंच ऐनवेळी पाय मागं घेतला. काम निघालं म्हणे. वहिनींनी तसं सांगितलं."

पुण्याजवळ गाडी चहाला थांबली. मी खाली उतरले नाही. माझ्या लेकाला माझं तोंड बघायचं नव्हतं. मी येणार हे माहीत असून तो आला नाही. तुझ्या खोटेपणापेक्षा ते मला जास्त लागलं, आणि लागलं त्याचा सूड मी तुझ्यावर घेतला.

आठ दिवसांनी तुझा नेहमीच्या वेळेला फोन आला. मी उचलला. तू विचारलंस, पोचल्यावर पाय सुजले का. मी म्हटलं, "महेश आला नाय ना? माझ्यासमोर यायचं नव्हतं त्याला." सुलभा, तू तेव्हा बोलायला हवं होतंस. एक वाक्य पुरलं असतं. तू गप्प राहिलीस आणि मग माझ्या तोंडातून ते गेलं.

"तुला देवानं दिलं नाय, म्हणून माझं घेतलंस."

कितीतरी वेळ फोनवर नुसता तुझ्या चुलीचा आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "भाकरी करपत्येय गो, ठेवत्ये." आणि ठेवलास.

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. मी पण केला नाही. करणार होते. आधी रथसप्तमीच्या आत तिळगूळ पाठवायचं निमित्त होतं, मग शाळेतल्या एकीच्या मुलीचं लग्न, मग म्हटलं गुढीपाडव्याला करू. माफी मागायचीच होती असंही नाही. मला तुझ्याशी पहिल्यांदा पोटभर भांडायचं होतं. तू पाडव्याच्या आधी गेलीस. सकाळी तुळशीला पाणी घालताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस, असं भावोजींनी यांना सांगितलं. फोन माझ्यासाठी आला नव्हता.

तेराव्याला आम्ही दोघंच आलो. गेल्या गेल्या बघितलं ते महेशला. धोतर नेसून, उघड्या अंगानं, पाहुण्यांना पाणी देत होता. केस उतरवलेले, पण कानशिलावर उगवलेले खुंट खरंच पांढरे. मला बघून थांबला, तांब्या खाली ठेवला आणि पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही बोललो नाही, माणसं होती. पण तो तुझ्या घरात वावरत होता ते मी बघत होते. हिंगाची डबी कुठल्या फळीवर, जुन्या पत्रावळी कुठल्या कोनाड्यात, विहिरीचा रहाट कुठं अडकतो, त्याला सगळं पाठ होतं. आमच्या घरात या चार वर्षांत मी गॅसची शेगडी बदलली, तीही त्याला माहीत नाही.

पंगती उठल्यावर भावोजी मला नारळाच्या वाडीत घेऊन गेले. मला वाटलं रडतील. ते रडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, हे मी सांगू नये असं ती म्हणाली होती. पण आता कुणाला घाबरू?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू नारळ बघायला गेली नव्हतीस. तू या झाडांत उभी राहून महेशला फोन केलास. तो चिपळूणपर्यंत आला होता. रात्री तिथं थांबून सकाळी इथं पोचणार होता. रेवतीनं माझ्यासाठी साडी घेतली होती. तू त्याला सांगितलंस, आईला प्रवासानं ताप आलाय, या वेळी नको, पुन्हा जमवू. तो परत फिरला. आमच्या लोकांना तू सांगितलंस की त्याचं काम निघालं. त्याला माझं खोटं सांगितलंस, आमच्यांना त्याचं. दोन्ही बाजूंनी तूच मध्ये उभी.

"का?" मी भावोजींना विचारलं.

"तुम्ही जेवताना जे बोललात, ते त्याच्या समोर बोलाल याची तिला धास्ती वाटली. म्हणाली, तेवढं एक वाक्य पोराच्या कानावर पडलं, तर पुन्हा ही दोघं जुळायची नाहीत."

सुलभा, हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. तीस वर्षं भिंतीपलीकडून तू माझं सगळं ऐकलंस. मी यांच्याशी भांडून माहेरी निघाले की तू दारात येऊन हसायचीस, कारण मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार हे तुला ठाऊक असायचं. माझं तोंड काय बोलतं आणि मन काय बोलतं, हे जगात एकट्या तुला कळायचं. आणि ज्या दिवशी ते कळायची सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवशी तू माझ्या तोंडावर विश्वास ठेवलास? तो दारात आला असता तर मी मागच्या दारानं गेले असते, असं तुला खरंच वाटलं? मी पायरीपर्यंत गेले असते. फार तर वाळूपर्यंत. तुला हे माहीत असायला हवं होतं. तू मला विचारलं नाहीस. माझ्या वतीनं ठरवलंस आणि माझा लेक दोन तासांच्या रस्त्यावरून माघारी धाडलास.

कधी मला वाटतं, तूच बरोबर होतीस. त्या दिवशी मी खरंच गेले असते, आणि मग माझ्या अहंकाराला परतीची वाटच राहिली नसती. ते वाक्य त्यानं कधीच ऐकलं नाही. तू ते पोटात ठेवलंस. वर मी तुला फोनवर जे बोलले ते पण ठेवलंस. भावोजींना पण फोनवरचं काही सांगितलं नाहीस, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. पण तूच बरोबर होतीस असं एक दिवस वाटतं आणि दुसऱ्या दिवशी उठून मी पुन्हा चिडते. कारण बरोबर की चूक, हे ठरवायला आपण दोघी लागतो.

संध्याकाळी निघायच्या आधी महेश मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग तो म्हणाला, "जानेवारीत तुला लई ताप होता म्हणे. काकू म्हणाली. मी बाबांना फोन करून विचारणार होतो, पण राहिलं."

इथं मला खरं सांगता आलं असतं. बाई, शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. मी त्याच्याकडं बघितलं. तुझ्यासाठी केस उतरवलेलं डोकं, रडून सुजलेले डोळे.

"व्हय," मी म्हटलं. "होता ताप."

"आता बरी आहेस ना?"

"बरी आहे."

एवढंच बोलणं झालं. मग तो गाड्या बघायला उठून गेला. तुझं खोटं मी असं पुढं चालवलं, सुलभा. तुझ्या माघारी तुला सामील झाले. यासाठी मी तुला माफ करायचं की तू मला, ते मला कळलेलं नाही. तो मे महिन्यात घरी येतो म्हणालाय, तिघं येतील म्हणालाय. मी 'या' म्हटलं. रेवतीशी मी दोन शब्द बोलले. तिनं माझ्याकडं बघताना पदर सारखा केला, त्याचं मला वाईट वाटलं.

आणि सई. ती पडवीच्या टोकाला एकटी बसली होती. सहा वर्षांची असेल. सगळे मोठे आवराआवरीत होते. मी तिच्यापाशी गेले तर तिनं मान वर करून मला नीट बघून घेतलं. तिला माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"आमची आजी गेली," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या कोण?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. तोंडात आलं नाही.

"मी शेजारीण," मी म्हटलं.

तिनं थोडा विचार केला. मग आपल्या शेजारची फरशी हातानं पुसली आणि म्हणाली, "मग इथं बसा."

मी बसले.